उजव्या हाताची साखर

भूल देणाऱ्या डॉक्टरला कुणी ओळखत नाही, ही माझी जुनी तक्रार आहे. ऑपरेशन करणारा लक्षात राहतो, टाके काढणारी सिस्टर लक्षात राहते, वॉर्डात चादर बदलणारी आयासुद्धा लक्षात राहते. पण जिने दोन तास तुमचा श्वास स्वतःच्या हाताने चालू ठेवला, ती आठ दिवसांनी वसईच्या मासळीबाजारात समोर आली तर लोक तिच्या पिशवीला धक्का मारून पुढे जातात. नवरा म्हणतो, तू त्यांना झोपवतेस, मग त्यांनी तुला कसं लक्षात ठेवायचं? त्याचं बरोबर आहे. तरी मला राग येतो.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला लग्न होऊन मी विरार पूर्वेला मनवेलपाड्यात आले. त्या वेळी या पट्ट्यातल्या छोट्या नर्सिंग होममध्ये सर्जन असत, भूल देणारं माणूस मात्र बाहेरून बोलवावं लागे. बहुतेक वेळा ते बाहेरून म्हणजे मुंबईहून यायचं, आणि ते येईपर्यंत पेशंट पोट धरून बसलेला असायचा. मी स्कूटर शिकले, एक मोठी चामड्याची बॅग घेतली आणि सगळ्या नर्सिंग होमना माझा फोन नंबर देऊन आले. सकाळी नालासोपाऱ्यात सिझर, दुपारी वसईत हर्निया, संध्याकाळी परत विरारला कुणाचं तरी अपेंडिक्स. पहिल्या वर्षी लोक म्हणायचे, एवढीशी बाई काय भूल देणार. पाचव्या वर्षी सर्जन आधी मला वेळ आहे का ते विचारायचे आणि मग ऑपरेशनची तारीख ठरवायचे. हे मी फुशारकी म्हणून सांगते आहे, कारण ती मी कमावलेली आहे.

ही गोष्ट त्याच्या बऱ्याच नंतरची, दोन हजारचं दशक संपत आलं होतं तेव्हाची. मुंबईत एका व्याख्यानात मी एका नव्या औषधाबद्दल ऐकलं. डेक्समेडेटोमिडीन. नाव उच्चारतानाच पेशंटला झोप लागावी इतकं लांब, म्हणून आम्ही सगळे त्याला नुसतं डेक्स म्हणायला लागलो. हे औषध एका छोट्या पंपाने, थेंबाथेंबापेक्षाही हळू, शिरेतून सोडत राहायचं. पेशंट गुंगतो, पण हाक मारली की डोळे उघडून उत्तर देतो आणि पुन्हा डोळे मिटतो. नाडी संथ होते. आणि मुख्य म्हणजे नंतर झोपवण्यासाठी जो गॅस द्यावा लागतो, तो बराच कमी पुरतो.

व्याख्यानात आणखी एक गोष्ट सांगितली होती आणि तिने माझ्या डोक्यात घर केलं. पेशंट झोपलेला असला तरी त्याच्या शरीराला सुरी कळते. शरीर घाबरतं, आतून सगळी धोक्याची रसायनं सोडतं, आणि त्यामुळे ऑपरेशन चालू असताना रक्तातली साखर चढते. मधुमेही माणसाची तर फारच. डेक्स त्या घाबरण्यालाच हात घालतं, त्यामुळे साखर फारशी चढत नाही. पण लगेच पुढे हेही सांगितलं होतं की हे औषध शरीरातलं इन्सुलिनही थोडं दाबतं, म्हणजे त्याच्यामुळे साखर थोडी वाढूही शकते. दोन्ही बाजू होत्या. मला वाटलं, आपण स्वतःच बघावं.

वसई पट्ट्यात मधुमेह काय कमी आहे? मी पंप घेतला. टॉवेलमध्ये गुंडाळून तो बॅगेत, बॅग स्कूटरच्या पुढच्या जागेत, दोन पायांच्या मध्ये. साखर मोजायचं छोटं यंत्रही माझं स्वतःचं. आणि एक दोनशे पानी वही. त्यात प्रत्येक डेक्सच्या पेशंटसाठी एक पान: गॅसची तबकडी कितीवर ठेवावी लागली, नाडी किती होती, आणि साखर तीन वेळा. भूल देण्याआधी, ऑपरेशन सुरू झाल्यावर अर्ध्या तासाने, आणि संपताना. कुणी मला हे करायला सांगितलं नव्हतं. मला कुठे छापायचंही नव्हतं. एरवी तबकडी सव्वावर ठेवणारी मी आता पाऊणवर ठेवते आणि पेशंट ढिम्म हलत नाही, हे स्वतःच्या अक्षरात लिहिताना मला जे वाटायचं ते सांगता येणार नाही. एखादीला पहिल्यांदा पुरणपोळी न फाटता जमली की तिला जे वाटतं, साधारण तेच.

ज्या सर्जनबरोबर माझं सगळ्यांत जास्त काम असे, त्यांना हे फारसं पटलं नव्हतं. ते माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे, हात सोन्याचा, जीभ मात्र तिखट. वसईत एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर त्यांचं नर्सिंग होम होतं. माझा पंप, सिरिंज, वही आणि साखरेचं यंत्र मी एका ट्रेमध्ये मांडायला लागले की ते म्हणायचे, "आलं मॅडमचं पूजेचं ताट. आता आरती कधी?" मी म्हणायचे, "सर, तुमचं ऑपरेशन संपेपर्यंत प्रसाद होईल तयार." आमचं असंच चालायचं.

वहीचं बारावं पान ज्या बाईचं, ती वसईजवळच्या होळी गावची. तिथे त्यांची वाडी होती, केळी, भाजी आणि थोडी फुलं. साठीच्या पुढची, काटक, गळ्यात काळ्या दोऱ्यात छोटा क्रूस, आणि बोलणं इतकं ठणठणीत की आजारी कोण ते विचारावं लागे. पित्ताशयात खडे होते, दोनदा जीवघेणी कळ येऊन गेली होती. मधुमेह होता, गोळ्यांवर होता. दुर्बिणीने पित्ताशय काढायचं ठरलं होतं.

आदल्या दिवशी मी तिला तपासायला गेले तेव्हाच तिने मला विचारून घेतलं होतं, झोपवणार कोण, उठवणार कोण. मी म्हटलं, दोन्ही मीच. "मंग सगलं तुझ्याच हातात," ती म्हणाली आणि सुनेकडे वळून बघितलं, माल पारखून घेतल्यासारखं. सून दादरला नोकरी करणारी, साधी समजूतदार मुलगी. ती कसनुशी हसली.

ऑपरेशनच्या सकाळी वॉर्डात सिस्टरने तिचा डावा हात धुऊन त्याच्या बोटाची साखर घेतली. एकशे चौतीस. उत्तम. मी थिएटरच्या बाहेर तिची वाट बघत होते. बाई व्हीलचेअरला नकार देऊन स्वतःच्या पायांनी चालत आली, आणि तिच्या काखेत एक पुडकं होतं.

ज्यांनी वसईची सुकेळी खाल्ली नाहीत, त्यांना सांगायला हवं. पिकलेली केळी सोलून दिवसचे दिवस उन्हात वाळवायची, रात्री झाकून ठेवायची, पुन्हा वाळवायची. शेवटी ती तपकिरी होतात, मऊ राहतात, आणि त्यांना स्वतःचाच मध सुटतो. मग केळीच्याच वाळल्या सोपटात, म्हणजे खोडाच्या सालीत, घट्ट बांधतात. वाळवायला हवा कळावी लागते आणि चिकाटी लागते. ही बाई ती करत असे आणि तिची सुकेळी आसपासच्या गावांत नावाजलेली होती.

थिएटरच्या दारात तिने पुडकं सोडलं. सून म्हणाली, "आई, इथे नको ना." तिने लक्षच दिलं नाही. एकेक सुकेळं उजव्या हाताच्या बोटांनी ओढून काढलं, एक आयाच्या हातावर, एक सिस्टरच्या, एक माझ्या. सर्जन आत हात धुवत होते, त्यांचं बाजूला ठेवलं.

"मावशी, हे नंतर," मी म्हटलं.

"नंतर काय?" ती म्हणाली. "आमच्या वाडीत कोन कामाला आला तर त्याच्या हातावर काय ठेवल्याबिगर आमी त्याला कामाला लावीत नाय. तू तर माझ्या जिवाचं काम करनार. हातात घे पयलं, मंग माझ्या आंगाला हात लाव."

मी म्हटलं, "तुम्ही तर नाही ना खाल्लंत?"

"ना गो. पानी पन नाय घेतलं." आणि चिकट बोटं तिने अंगातल्या हिरव्या गाऊनला पुसली.

मी अर्धं सुकेळं तोंडात टाकलं. काय चव होती! उरलेलं अर्धं गॉजच्या तुकड्यात गुंडाळून खिशात ठेवलं, पेनाशेजारी. नळावर जाऊन माझे हात धुतले. तिचे हात धुवायला सांगावं, हे माझ्या डोक्यात आलं नाही. पुढे जे झालं त्याची सुरुवात इथे आहे आणि चूक माझी आहे, म्हणून ती आधीच सांगून टाकते.

टेबलावर घेतल्यावर पंप सुरू केला. दहा मिनिटांत ती गुंगली. हाक मारली तर "हां, हाय मी" म्हणायची आणि पुन्हा झोपायची. मग पूर्ण भूल दिली, नळी घातली, गॅस लावला. तबकडी पाऊणवर. पोटात हवा भरली की एरवी नाडी उसळते, रक्तदाब उसळतो. तिची नाडी साठाच्या आसपास होती ती तिथेच राहिली. सर्जनने पहिलं छिद्र केलं, दुसरं केलं. स्क्रीनवरची रेघ जशी होती तशीच. मी वहीत लिहिलं आणि मनात म्हटलं, बघा आता.

अर्ध्या तासाने साखर घ्यायची वेळ झाली. या ऑपरेशनला सर्जन पेशंटच्या डाव्या बाजूला उभा राहतो, म्हणून डावा हात अंगाशी घेऊन कापडाखाली बांधून टाकलेला असतो. माझ्या वाट्याला फक्त उजवा हात, बाजूच्या फळीवर पसरलेला. मी तर्जनी स्पिरिटने पुसली, सुई टोचली, थेंब पट्टीवर घेतला.

तीनशे अडतीस.

मला वाटलं पट्टी खराब असेल. मधलं बोट स्पिरिटने पुसलं, पुन्हा टोचलं. दोनशे एकसष्ट.

"किती?" सर्जनने स्क्रीनवरून नजर न काढता विचारलं. माझी शांतता त्यांना बरोबर कळते.

मी आकडे सांगितले.

"तीनशे? सकाळी एकशे चौतीस होती ना?"

"हो, सर."

"मग हे तुमचंच औषध. तुम्हीच म्हणाला होतात, इन्सुलिन दाबतं म्हणून. पंप बंद करा आणि सिस्टर, दहा युनिट इन्सुलिन भरा. शिरेतून."

थिएटरची सिस्टर अर्नाळ्याची, कोळ्याच्या घरातली, हाताने विजेसारखी. तिने फ्रिजमधली बाटली काढून सिरिंज भरलीसुद्धा. सिरिंज ट्रेमध्ये, माझ्या वहीच्या बाजूला ठेवली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, म्हातारीनं गपचूप खाल्लं असंल काय?"

मी खरं सांगते, माझे कान तापले. अकरा पानं मी अभिमानाने भरली होती आणि बाराव्या पानावर हे! पहिला विचार आला तो माझ्या वहीचा, पेशंटचा नाही. याची मला अजून लाज वाटते. दुसरा विचार मात्र तिचाच आला.

जागा माणूस साखर उतरली की सांगतो. घाम येतो, हात थरथरतात, छाती धडधडते. झोपलेला माणूस काही सांगत नाही. आमच्या हातात एकच खूण उरते, नाडी धावायला लागते. आणि माझं डेक्स नेमकं नाडीच धावू देत नाही. समजा साखर खरंच तीनशे असली, तर दहा युनिटने ती खाली येईल आणि सगळं ठीक होईल. पण समजा ती तीनशे नसली? मग ही बाई आतल्या आत साखर संपून कोरडी होत जाईल आणि स्क्रीनवर साठची सुंदर रेघ मला हसून दाखवत राहील. ऑपरेशन संपल्यावर आम्ही तिला हाका मारू आणि ती उठणार नाही.

"मॅडम, देताय ना?" सर्जन म्हणाले.

"एक मिनिट, सर."

"तीनशेला एक मिनिट?"

"एक मिनिट म्हटलं ना!" माझा आवाज चढला. थिएटरमध्ये सर्जनवर आवाज चढवायचा नसतो. त्यांचे हात थांबले नाहीत, पण सिस्टर माझ्याकडे बघत राहिली.

काहीतरी जुळत नव्हतं. इतकी साखर चढायची तर शरीर आतून पेटलेलं हवं. मग नाडी का नाही वर गेली? रक्तदाब का नाही? गॅस पाऊणवर असून ती हलली का नाही? बाकी सगळे साक्षीदार एक सांगत होते आणि हे छोटं यंत्र दुसरंच. शिवाय एकाच हाताची शेजारशेजारची बोटं, दोन मिनिटांच्या अंतराने, आणि मध्ये सत्त्याहत्तरचा फरक? रक्त तर एकच.

वेळ लिहून ठेवावी म्हणून मी खिशात हात घातला, पेन काढलं, आणि ते माझ्या बोटांना चिकटलं.

गॉजमधून मध पाझरून पेनावर आला होता. माझी दोन बोटं एकमेकांपासून सुटताना चट्ट असा आवाज झाला. मी त्या बोटांकडे बघितलं आणि मग फळीवर पसरलेल्या त्या उजव्या हाताकडे. याच हाताने तिने आम्हा सगळ्यांना एकेक सुकेळं ओढून दिलं होतं.

मी वाकून तिची तर्जनी माझ्या अंगठ्याने दाबली. चिकट होती. स्पिरिटने पुसूनही चिकट! पाकाचा डबा ओट्यावर सांडला तर आपण काय स्पिरिटने पुसतो? पाण्याने धुतो. हे मला वयाच्या आठव्या वर्षापासून माहीत होतं, फक्त डॉक्टर झाल्यावर आठवायचं राहिलं होतं.

"सिस्टर, पाणी."

"पानी?"

"सलाईनची बाटली दे, गॉज दे. आणि ते इन्सुलिन ट्रेमधून उचल, माझ्या हाताजवळ नको."

मी तो हात धुतला. बोट न् बोट, नखांच्या कडा, बोटांच्या बेचक्या, लहान मुलाचा जेवण झाल्यावर धुवावा तसा. कोरडा केला. करंगळीशेजारचं बोट टोचलं, पहिला थेंब पुसून टाकला, दुसरा घेतला. यंत्र पाच आकडे उलटे मोजतं, ते पाच सेकंद माझ्या आयुष्यात फार मोठे आहेत.

एकशे बेचाळीस.

तरी माझं समाधान झालं नाही. कापड थोडं वर करून पायाच्या शिरेतून थोडं रक्त काढलं आणि त्याची साखर बघितली. एकशे एकोणचाळीस.

"सर," मी म्हटलं, "साखर एकशे चाळीसच्या आसपास आहे. इन्सुलिन देत नाही. पंपही बंद करत नाही."

"मग तीनशे कुठून आली?"

"सुकेळ्याची."

एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच सर्जनने स्क्रीनवरून मान वर केली. मास्कच्या वर त्यांचे डोळे तेवढे दिसत होते. मी पेन आणि गॉजमधलं ते अर्धं सुकेळं त्यांना दाखवलं. त्यांनी पुन्हा मान खाली घातली आणि म्हणाले, "माझं ठेवलंय ना बाजूला?"

ऑपरेशन संपताना साखर एकशे एक्कावन्न होती. मी पंप बंद केला, गॅस बंद केला, नळी काढली. तिच्या कपाळावर हात ठेवून हाक मारली. "मावशी!" डोळे उघडले नाहीत. मला ते दहा युनिट आठवले जे मी दिले नव्हते. पुन्हा हाक मारली. तिने डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि घोगऱ्या आवाजात विचारलं, "गोड होतं का?"

"फार गोड होतं, मावशी," मी म्हटलं. "फारच." मास्क होता म्हणून बरं, माझ्या तोंडाचं काय झालं ते कुणाला दिसलं नाही.

त्या दिवशी मी वहीच्या बाराव्या पानावर सगळे आकडे लिहिले. तीनशे अडतीस आणि दोनशे एकसष्ट खोडले नाहीत. पुढे लिहिलं, हात न धुता घेतलेले, चूक माझी. त्याखाली एकशे बेचाळीस, एकशे एकोणचाळीस, आणि तबकडी पाऊणवर. ते पान वहीतलं सगळ्यांत अस्ताव्यस्त पान आहे. मला ते सगळ्यांत आवडतं. माझं औषध काय करतं हे मला माहीत होतं म्हणून मी यंत्राच्या आकड्यावर विश्वास ठेवला नाही, आणि माझं घरकाम मला येत होतं म्हणून खरा आकडा सापडला. दोन्हीचा अभिमान मी बाळगते, सारखाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला सगळं सांगितलं. सर्जन म्हणाले होते, काही झालं नाही ना, मग कशाला घाबरवता. पण ती म्हणाली होती ना, सगळं तुझ्याच हातात. हातातलं काय झालं ते तिला कळायला हवं असं मला वाटलं. सुनेसमोर सांगितलं. तुमचे हात मी धुवून घ्यायला हवे होते, मी विसरले, आणि तुम्हाला नको असलेलं औषध दिलं जाणार होतं. ते दिलं असतं तर तुम्ही कदाचित उठला नसता.

सून पांढरी पडली. म्हातारीने पांघरुणातून उजवा हात बाहेर काढला, उलटासुलटा करून बघितला, आणि परत आत घेतला.

"माझ्या हातानं?" तिने विचारलं.

"नाही हो, चूक माझी."

"पन हात माझा."

मग तिने तोंड भिंतीकडे केलं. मी बाहेर आले तेव्हा माझी सकाळ पार बिघडली होती. खरं बोलून मी काय मिळवलं? जन्मभर ज्या हाताने तिने कामाला आलेल्या प्रत्येकाचं तोंड गोड केलं, त्या हाताची मी तिला धास्ती घातली. आता ती कुणाच्या हातावर काही ठेवताना बिचकेल, असं मला वाटत राहिलं. तिसऱ्या दिवशी ती घरी गेली. मी गोखिवऱ्याला एका सिझरला होते, भेट झाली नाही.

आठ दिवसांनी ती टाके दाखवायला येणार हे मला माहीत होतं. त्या दिवशी माझी तिथे केस होती आणि ती लवकर संपली होती, तरी मी काही ना काही आवरत रेंगाळले. स्कूटरची किल्ली दोनदा शोधली. शेवटी वैतागून खाली उतरले तर ती सुनेचा हात धरून जिना चढत होती. काखेत पुडकं नव्हतं.

मी बाजूला सरले. ती वर बघत थांबली. मास्क नाही, टोपी नाही, अंगात साडी, हातात चामड्याची बॅग. पंधरा वर्षांत मला असं कुणी ओळखलं नव्हतं, ती तरी कशी ओळखेल?

"हीच गो," ती सुनेला म्हणाली. "हीच माझी बाय. पुडी काड."

सुनेने पिशवीतून पुडकं काढलं. म्हातारीने ते घेतलं नाही. आधी जिन्याखालच्या पाण्याच्या टाकीच्या नळाकडे गेली, पदराच्या टोकाला बांधून आणलेला साबणाचा तुकडा सोडला, आणि दोन्ही हात धुतले. घाई न करता, बोट न् बोट, नखांच्या कडा. झटकले. मग परत येऊन ओले हात माझ्यासमोर धरून उलटेसुलटे करून दाखवले.

"बघ," ती म्हणाली. "आता आमच्या वाडीत पन असंच. पयले धुवायचे, मंग द्यायचं."

तिने एक सुकेळं काढून माझ्या तळहातावर ठेवलं. मी बॅग पायरीवर ठेवली आणि ते तिथेच, जिन्यात उभी राहून, सगळं खाल्लं.